हातचा

ग्रिम्सबीत, मासे धुरवायच्या भट्टीवर
होता तो स्टुडिओ. रात्रीचं भाडं निम्मं.
चार रात्रींत दहा गाणी,
आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड,
अकरा ते पाच; आणि सहाला
रॉयस्टन खाली धक्क्यावर, बर्फ फोडायला.

भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. तरी
भट्टीशेजारच्या कॉम्प्रेसरची घरघर
प्रत्येक गाण्यात आहे.
शेवटी गिटारी तिच्याच सुरात लावल्या.
दुसरा इलाज नव्हता.

पास्क म्हणाला, मोजणी कापू या,
रेकॉर्डवर कोणी आकडे म्हणतं का?
रॉयस्टन काड्या आपटून म्हणायचा
एक, दोन, तीन.
चार कधीच नाही. चार हातचा.
कापायला वेळ लागणार होता, वेळेचे पैसे.
राहिली.

पाचशे प्रती काढल्या. एकशे एकोणीस खपल्या,
त्यातल्या सहा ग्लेनिसच्या आईने घेतल्या.
उरलेल्या खोक्यांवर माझा टीव्ही,
वीस वर्षं.

परवा एव्हरिल भेटली मासळीच्या दुकानात.
रॉयस्टनला जाऊन तिसरा हिवाळा.
म्हणाली, गाणी मला तेव्हाही आवडली नव्हती,
तुझा बेस तर पोटात गुरगुरल्यासारखा.
पण रविवारी सुई ठेवते.
तो तीन म्हणाला
की उचलते.

आणि चार?

हॅडॉकची पुडी पिशवीत सरकवत
ते मी म्हणते, म्हणाली,
आणि सुटे पैसे पुन्हा पहिल्यापासून
मोजायला लागली.