पुढचं नाव

चिलोएच्या बेटांमधून फिरते आमची दवाखान्याची लाँच.
आज सातवी बाई: एदुविना, वय बासष्ट.
बूट तिनं शिडीपाशीच काढले, चिखलासकट.

"बटाटे काढत होते," म्हणाली.
"मातीत हात घातला की कळतं
कुठला दगड, कुठला बटाटा.
हे मात्र कळेना."
आणि बोट ठेवलं, डावीकडे, काखेच्या जरा अलीकडे.

जेल गार आहे, मी सांगते. सगळ्यांनाच सांगते.
"समुद्रापेक्षा?"

पडद्यावर राखी थर, नांगरलेल्या वावरासारखे,
मध्येच एक काळी जागा.
माप घेते: चौदा मिलिमीटर.
कडा पाहते.
पुन्हा पाहते.

ती पडद्याकडे बघतच नाही.
माझ्याकडे बघते,
ज्या डोळ्यांनी जन्मभर पहाटेचं आभाळ बघून
नवऱ्याला होडी काढू दिली,
किंवा नाही दिली,
त्याच डोळ्यांनी.

मला बोलायची मुभा नाही.
अहवाल मोठ्या बेटावरून येईल, डॉक्टर सांगतील.
मी भुवया जागच्या जागी ठेवते.
सहा वर्षांत एवढंच नीट शिकले.

लाट येते. प्रोब घसरतो.
टेबलाची एकच कड दोघींच्या हाती लागते,
तिच्या नखांत अजून माती.
तो शब्द दोघींपैकी कुणीच काढत नाही.

मग पोट-छाती पुसत, स्वेटर चढवत ती म्हणते,
"धक्क्यावर पोतं ठेवलंय तुमच्यासाठी.
धुतलेले नाहीत हं.
धुतले की टिकत नाहीत."

मी दार उघडते.
पुढचं नाव कागदावर आहे, समोरच,
वाचायला वेळ लागतो.