चंद्र आठवा

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात
जुनी कुलपं आणि एकेकट्या चपला यांच्या मधे
गोणपाटावर तो पडला होता: अंक चौदावा.
मुखपृष्ठावर हिरवा माणूस, हातात बंदूक,
बंदूक कसली, पिचकारीच.
वीस रुपये, पोरगा म्हणाला.
मी पन्नासची नोट दिली आणि सुट्टे न घेताच निघालो.

घरी चष्मा लावला.
लाल रंग ओठांबाहेर सांडलेला,
यानाची निळाई यानापासून दोन सूत लांब.
वडील नोट प्रेसमध्ये होते.
रात्रपाळीहून नाशिकरोडच्या क्वार्टरमध्ये आले की
चहाआधी माझं पुस्तक भिंगाखाली धरायचे.
"छपाई हललीय. नोट असती तर जाळली असती."
मला वाटायचं, तिकडच्या ग्रहावर असंच असणार,
वस्तू आधी पोचते, रंग मागाहून येतो.

पान एकतीस.
"इसवी सन दोन हजार दहा!
मानवाला आता अन्नाची गरज उरलेली नाही!"
त्या साली मी सातपूरच्या कंपनीतून
व्हीआरएस घेऊन घरी बसलो होतो.
गरज होती.

शेवटचं पान नाही.
तेव्हाच्या अंकालाही नव्हतं. भेळवाल्याकडे गेलं असेल,
असं खैरनार म्हणायचे, आणि भाडं
पूर्ण घ्यायचे, दिवसाला चार आणे.

कुमुदला फोन लावला. ती ओझरला असते,
दोन्ही गुडघे नवे, आवाज जुनाच.
म्हटलं, ती मालिका आठवते का, शुक्रवारची?
"आठवा चंद्र," ती म्हणाली.
मी म्हटलं, नाही, "चंद्र आठवा".
चाळीस वर्षं झाली, हा वाद मिटलेला नाही.

खरं तर मी ती मालिका पाहिलेलीच नाही.
मी गच्चीवर असायचो. मुंबईचं चित्र
कसारा घाट चढून दमून यायचं
आणि आमच्या अँटेनाला कोणीतरी धरून
पांडवलेण्याकडे तोंड करून उभं राहावं लागे.
"आलं का?"
"गेलं!"
"आता?"
"जरा डावीकडे! आलं, आलं! राहू दे!"
मग मी राहायचो. डिसेंबरातली नाशिकची थंडी,
गार नळीला चिकटलेली बोटं,
वर इतके तारे, की त्यांतला एखादा
खाली पडद्यावर चालू असणार, याची खात्री.

रात्री गोधडीत कुमुद सगळं सांगायची.
राणीचा महाल काचेचा. राणी रडली
की तिथे दिवस उजाडायचा.
चंद्र मोजणारा म्हातारा,
सातापर्यंत यायचा आणि पुढे विसरायचा.

"एक सांगू?" ती आत्ता म्हणाली.
"चित्र कधी आलंच नाही रे.
मुंग्या. नुसत्या मुंग्या, आणि मधूनच
कुणाचा तरी अर्धा कान.
तू गारठशील, खाली येशील, म्हणून आई म्हणायची,
आलं म्हणा. आम्ही म्हणायचो.
आणि तू वेडा, आलं म्हटल्यावर
आणखीच घट्ट उभा."

मी काही बोललो नाही.
मग राणी? म्हातारा?
"ते काय. मुंग्यांकडे बघत बसायचे मी
अर्धा तास, काहीतरी दिसायचंच."

गॅलरीच्या या कोपऱ्यात तेवढी रेंज येते,
कुंडीच्या पलीकडे, एक पाय उंबऱ्यावर ठेवून.
शेवटी काय झालं गं, मी विचारलं,
त्याला आठवा चंद्र सापडला का?
"थांब," म्हणाली, "आठवते.
कुकरची एक शिट्टी राहिलीय, तेवढी होऊ दे."
तिने फोन ओट्यावर ठेवला.
पलीकडे वाफेची खरखर.

मी हललो नाही.