टोले दोनदा पडतात

ओर्व्हेसच्या चौकात सकाळचे सात वाजले
आणि मी बुटाची नाडी बांधतेय तोवर
पुन्हा सात.
पाववाली ब्लांदिन म्हणाली, इथली घंटा दोनदाच वाजते,
पहिल्यांदा मोजायला विसरतात त्यांच्यासाठी.
मग पाव कागदात गुंडाळत:
लॅव्हेंडर बघायला ना? नशीबवान आहात,
आज वारा पडलाय, वास जागचा हलणार नाही.

मी हसले. तिला काय सांगायचं,
की दोन हिवाळ्यांमागच्या तापात
माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे,
चष्मा ठेवायला उपयोगी पडतं.

गावकूस संपतो तिथे कपडे धुवायचं दगडी टाकं.
काठाचे दगड मधोमध खोलगट,
किती पिढ्यांच्या कोपरांनी झिजवलेले.
पाणी अजून येतं. धुणं येत नाही.
मग चढ. मग आणखी चढ.
मग एकदम पठार, आणि ओळीच ओळी,
जणू कुणी फणीनं भांग पाडत पाडत
डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलं
आणि मधेच उठून आत निघून गेलं.

जांभळा म्हणणं सोपं आहे.
जवळ वाकलं की तो वांग्याच्या देठालगतचा रंग,
खाली करडा, त्याखाली नुसती माती
आणि पांढरे, तापलेले गोटे.
शेत गुणगुणतं असं लिहिणार होते,
पण ते गुरगुरत होतं.
एवढ्या मधमाश्या, आणि एकीलाही
माझ्याकडे बघायला वेळ नाही.

व्हेर्साकमध्ये दुपारी सगळ्या खिडक्यांच्या झडपा बंद.
चर्चच्या भिंतीवर पहिल्या युद्धात गेलेले अकरा जण,
त्यांत चौघे फाब्रेग.
आज गावात माणसं सदतीस. हिवाळ्यात एकोणीस.
सावलीत एक कुत्रा
आपला पाय चाटायचा थांबला, मला बघून घेतलं,
पुन्हा सुरू केलं.

गावाखाली भट्टी. मालकीण होनोरीन, तीही फाब्रेग;
ते चौघे तिचे कोण, तिलाही धड सांगता येईना.
बरगड्या दिसणारा ल्हूसीन काट्यानं पेंढ्या
कढईत लोटत होता. ॲटलसच्या पहाडातला,
हा सव्विसावा हंगाम.
त्याला मात्र सांगितलं मी, का कोण जाणे:
मला वास येत नाही.
त्यानं काटा जमिनीत रोवला.
मलाही नाही, म्हणाला.
घरी गेलो की बायको पिशवी उंबऱ्याआत घेऊ देत नाही,
आठ दिवस उन्हात टांगते. तेव्हा कळतं, आहे म्हणून.

मग तेल उतरलं कसं समजतं?
कानानं. धार जाड होते.
मी नळीपाशी कान नेला.
धार होती. जाड होती की नव्हती, देव जाणे.
आता! म्हणाला तो. ऐकलंत?
हो म्हणाले. खोटं बोलले.
त्यानं एक थेंब माझ्या मनगटावर सोडला:
कोमट, मग तेलकट, मग काहीच नाही.

उतरताना एका बाजूचं शेत कापून झालेलं,
भादरलेल्या मेंढ्या बसाव्यात तसं.
टाचेला फोड, बाटली रिकामी,
आणि नाकाडोळ्यांवर ऊन. नाकावर सुद्धा.

संध्याकाळच्या बसमध्ये समोर एक पोरगं,
मांडीवर खरबूज घेऊन, दोन्ही हातांनी धरून.
शिंकलं. पुन्हा शिंकलं.
मग आईच्या कानात काहीतरी.
आई लाजली, खिडकी उघडू लागली,
मी विचारलं, काय म्हणतोय?
म्हणतोय, ही बाई
आत्याच्या चादरींच्या कपाटासारखी आहे.

मी बाही नाकाशी नेली.
खूप खोल श्वास घेतला, अगदी पोटापर्यंत.
कापड. फक्त कापड.
मागे ओर्व्हेसची घंटा आठ वाजवून थांबली.
मी बोटं पुढे धरून बसलेय,
मोजायला.