पोकळीचं काम

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं,
चार खोल्या, चार दारं,
आणि एका दारावर पेन दोनदा आपटलं.
हे आवळलंय. लहानपणी सांधे धरायचे का?
धरायचे. आई म्हणायची, अंगाला लागतंय, वाढतीयंस,
आणि तव्यावर ओवा गरम करायची.

एकोणीस वर्षं मी शिरोलीच्या फौंड्रीत कोअर करते.
वाळू, तेल, लाकडी पेटी, दोन तळहातांचा दाब.
साच्यात जिथं लोखंड जायला नको
तिथं माझी वाळू बसते.
ओतकाम निवलं की तीच फोडून काढतात.
माझ्या हातचं असं ट्रकात काही चढत नाही,
चढते ती आतली पोकळी.
व्हॉल्व्हच्या बॉड्या तर किती झाल्या, मोजल्या नाहीत.
ह्या एकाची किंमत ऐकली
तेव्हा महिपती खुर्चीतून उठून खिडकीशी गेला.
कार्ड चालतंय म्हटल्यावर परत येऊन बसला.

दोन जाती असतात म्हणे.
कातड्याचा गप्प असतो, पण पंधरा वर्षांनी पुन्हा उघडायचं.
धातूचा जन्माला पुरतो,
रोज रक्त पातळ करायची गोळी,
आणि रात्री कान दिला तर टिकटिक.
जाऊ म्हणाली, कातड्याचा नको गं बाई,
कुठल्या जनावराचं, कोण जाणे.
मी तिच्या पायातल्या चपलांकडं बघितलं.
पण सांगितला धातूचाच.
धातू ओळखीचा आहे,
आतून चिरला तर ठोकल्यावर आवाजात कबूल करतो.

मग आधी दात दाखवून या म्हणाले.
एक दाढ किडकी निघाली, ती काढली.
छातीचं काम असं जबड्यापासून सुरू झालं.
मग ते फुंकणीसारखं यंत्र, उलटं ओढायचं,
तीन निळे चेंडू.
माझा एक उठतो, दुसरा थरथरतो.
शेजारचा धैर्यशील तिन्ही वर नेऊन धरतो, डोळे वटारून,
आणि म्हणतो, काकू, सोप्पं आहे की!

रक्त लागणार होतं. तालमीतली पोरं आली,
त्यातला नव्वद किलोचा एक
सुई बघूनच आडवा झाला.
त्याला लिंबूपाणी द्यायला मीच उठले.

अंबाबाईला जाऊन आले, किरणोत्सवाचा पहिला दिवस.
सगळे माना उंच करून.
किरणं उंबऱ्यातून आत आली, पायांकडं सरकली,
तेवढ्यात ढग.
बायका चुकचुकल्या. मला का कोण जाणे, बरं वाटलं.
एका दिवसात सगळं व्हायलाच पाहिजे असं नाही.

लेकीला सांगितलं, गॅसचं पुस्तक ट्रंकेत,
भिशीचा हप्ता दहा तारखेला, सुलभाताईंच्या हातातच द्यायचा.
लिहून दे, म्हणाली.
लिहिलं नाही. तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

भीती छातीत असेल वाटलं होतं.
ती पोटऱ्यांत असते,
कॉटवर पाय लांब केले की कळते.
हृदय थांबवणार, यंत्र फिरवणार, दोन तास, कमीजास्त.
मी विचारलं, मध्येच लाइट गेली तर?
भट्टीत धातू असताना लाइट गेलेली मी बघितली आहे,
सगळा रस थिजतो,
माणसं नुसती उभी राहतात.
जनरेटर आहे मावशी, म्हणाले, आणि हसले नाहीत.
त्यावर माझा थोडा विश्वास बसला.
त्या दोन तासांत मी कुठं असेन,
हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी नर्सनं बांगड्या उतरवल्या, मणी पुडीत बांधला,
नखं ब्रशनं घासली, पुन्हा घासली.
किती मळ हो मावशी.
मळ नाही बाळ, वाळू आहे,
ती आता निघायची नाही.

सकाळी दाराशी कुणी रडायचं नाही.
निघताना आमच्याकडं बाई पण 'येतो' म्हणते.
तेवढंच म्हणणार.

आता साडेनऊ.
बारानंतर पाण्याचा घोटही नाही.
तहान नाही,
तरी पिऊन घेते.