महिलांची बॅच, अकरा ते पावणेबारा

डॉक्टर हेबळ्यांनी एक्स-रे खिडकीला धरला,
म्हणाले, वंगण संपलंय.
जिने कमी, मांडी घालून बसणं बंद.
मग माझा पडलेला चेहरा बघून,
रडक्या पोराला गोळी द्यावी तसं,
‘पोहता येतं का?’

येत होतं.
यातलं ‘होतं’ त्यांनी लिहून घेतलं नाही.

मुलुंडचा पालिकेचा तलाव.
तीन फोटो, दाखला
की मला फिट येत नाही, खरूज नाही,
आणि खिडकीतल्या माणसाचा प्रश्न:
‘शिकायचंय की येतं?’
पेन हवेत धरून थांबला तो.
मीही थांबले.

पोशाख जांभळा, गुडघ्यापर्यंत.
घरी दार लावून घालून बघितला होता
आरशाकडे पाठ करून.
रबरी टोपी कपाळाला अशी आवळते
की भुवया वरच अडकतात;
अख्खी बॅच
काहीतरी ऐकून थक्क झाल्यासारखी.

वसईला मावशीच्या बावखलात
पाठीला केळीचा खुंट बांधून
सोडलं होतं मला दाजीमामांनी.
तिसऱ्या उन्हाळ्यात खुंट सुटला.
मामांनी सोडला की आपोआप
यावर घरात अजून दोन पक्ष आहेत.
मला कळलंच नाही. मी पलीकडे
माडाच्या मुळाला हात लावून परत आले.

चौदाव्या वर्षी आई म्हणाली, पुरे आता.
काय पुरे, तिने सांगितलं नाही.
परकर दोरीवर वाळला, घडी झाली,
आणि एकोणचाळीस वर्षं.

शिडीवरून पाठमोरी उतरले.
पाणी घोट्याला, पोटरीला,
गुडघ्याला लागलं आणि गुडघा गप्प झाला,
बोलता बोलता कुणी आत यावं तसा.

हात काही विसरले नव्हते.
दम विसरला होता.
आठ हात मारले, नाकातोंडात क्लोरीन,
कठडा धरून खोकत राहिले.
शेजारून खोरशेदबाई गेल्या,
वय एक्क्याऐंशी, उताण्या, पत्र्याच्या छताकडे बघत:
‘श्वास सोडायचा पण असते, डिकरी.
नुसता घेते काय?’

सोडला.
पाण्याखाली, तोंडाने, सगळा.
बुडबुडे कानांवरून गेले
आणि तेवढाच आवाज उरला जगात.
सासूबाईंची घंटी नाही. कुकर नाही.
सत्त्याहत्तर किलो होते माझ्याकडे,
कुठे ठेवले, आठवेना.

मध्ये दोरी आहे, लाल-पांढऱ्या मण्यांची.
पलीकडे फरशा गडद होत जातात.
जीवरक्षक मुलगी शिट्टी चघळत म्हणाली,
‘काकू, जायचं असलं तर सांगा हां.’
सांगेन.
आज मण्याला हात लावला, लाल होता,
आणि वळले.

पावणेबाराला शिट्टी.
शिडी चढताना
माझं वजन मला परत मिळू लागलं,
पायरीपायरीला, मोजून,
कंडक्टरने सुटे द्यावेत तसं.
शेवटच्या पायरीवर गुडघा म्हणाला,
‘हं, तर मी काय सांगत होतो.’

रात्री डाव्या कुशीवर वळले
तेव्हा कानातून एक थेंब निघाला
उशीवर.
कोमट.
दुपारभर, भाजी निवडताना, बँकेत,
घंटीला ‘आले, आले’ म्हणताना
तो आतच होता.