कारकुनाने लिहून न घेतलेलं

बसा. शाई गोठली असेल तर चुलीजवळ धरा.
मयताचं नाव गोटहार्ट प्रुकमोझर.
वय त्रेसष्ट. धंदा?
तुमच्या रकान्यात मावेल ते घाला.
प्रेसबुर्गला त्याला कापेलमाइस्टर म्हणत,
टेमेश्वारात नुसतं 'जर्मन मास्तर',
आणि इथे, लाम्बाखच्या खालच्या अंगाला,
घोडेवाल्या योर्गचा थोरला, जो टिकला नाही.

आमचा बाप मिठाच्या नावा ओढायचा.
म्हणजे घोडे ओढायचे, बाप ओरडायचा.
भरल्या नावा धारेबरोबर उतरत,
त्यात काय, ओंडकाही उतरतो.
पण रिकाम्या वर आणायच्या
तर काठाकाठाने बारा घोडी,
पुढच्या घोड्यावर बाप
आणि प्रत्येक वळणाला त्याची हाक:
दोन लांब, एक तोकडी,
शेवटचा सूर खाली न उतरवता
तसाच हवेत सोडलेला.
घोड्यांना कळायचं, अजून थांबायचं नाही.

गोटहार्टला मठाने नेलं. गळा गोड होता.
आवाज फुटला तेव्हा हातात व्हायोला दिली.
व्हायोलिन नव्हे. खोडा ते.
"मधे बसणाऱ्याला दोन्हीकडचं ऐकू येतं, वाली,
त्याचं कुणी ऐकत नाही एवढंच."

मग पायाला भिंगरी.
पत्रं यायची, पाद्रीबुवा वाचून दाखवत.
प्रेसबुर्गचा बिशप वारला,
नव्या बिशपचं संगीताने डोकं दुखे.
त्याने शिकारी कुत्री विकली,
वादकांना गिऱ्हाईक नव्हतं, त्यांना नुसतं सोडलं.
टेमेश्वारात हिवताप, आणि छावणीतल्या पोरांना
तुतारी शिकवण्याचे महिन्याला सहा गुल्डन.
त्रिएस्तेहून लिहिलं:
"इथलं पाणीच खारट आहे, वाली, अख्खं,
आणि ते कुणीही ओढत नाही."
लेम्बर्गला लग्न केलं. ओटिलिया. मी तिला पाहिली नाही.
त्यानंतरच्या हिवाळ्यातलं पत्र असं:
एक ओळ तिच्याबद्दल, अर्धी बाळाबद्दल,
खाली स्वरांच्या पाच रेघा ओढलेल्या
आणि त्यांवर काही नाही.
बुवा म्हणाले, पुढचं लिहायचं राहिलं असेल.
मी काही बोलले नाही.

हं, पेटी. कोट एक, कोपराला ठिगळ.
नोटांचं पुडकं. गेल्या फेब्रुवारीपासून
त्यांची किंमत पाचवा हिस्सा, तुम्हीच सांगितलंत.
सिम्फनी सतरा.
रद्दी म्हणता? वजनावर?
सोळाच धरा मग. एकीच्या पानांनी
मी आलुबुखारच्या मुरंब्याच्या बरण्या बांधल्यात.
कागद जाड होता, खोटं कशाला बोलू.

एक सांगते, ते लिहू नका.
परवाच्या पेंटेकोस्टला पासाऊची मंडळी आली होती,
मठाच्या दालनात वाजवायला.
छापील पत्रकावर कुणा बॅरनचं नाव.
आम्ही मागच्या बाकावर, तो नाशपाती खात होता.
दुसरा भाग संथ सुरू झाला
आणि व्हायोलांनी, वर कुणाचं लक्ष नसताना,
ओढली हाक. दोन लांब, एक तोकडी,
शेवटचा सूर हवेत.
मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं.
माझे पाय, साहेब, आपोआप
काठाचा चिखल शोधत होते.
"चाळीस डुकाट दिले होते त्याने," गोटहार्ट म्हणाला,
"तीन महिन्यांचं भाडं."
बिया रुमालात गुंडाळल्या,
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "घोडी पोचली ना पण वर?"

व्हायोला? ती यादीत नाही.
फुटकी आहे. शून्य लिहा,
पण इथून हलायची नाही.

सही मला येत नाही. फुल्या चालतील ना, तीन?
आणा इकडे.
दोन लांब. एक तोकडी.
वाळू द्या जरा. घाई कसली.