सीडी नंबर दोन

आधी यंत्र मिळवावं लागतं.
शनिवारी बाजारात, कॉटन मार्केटच्या मागच्या अंगाला,
मिक्सरची भांडी आणि एकेकटे बूट यांच्यामध्ये
ते पडलेलं असतं, पाठीवर कुठल्याशा निवडणुकीचं स्टिकर.
साडेतीनशे सांगतात, दोनशेत सुटतं.
चालू आहे का, विचारू नये.
"लाइट कुठं आहे बाप्पा इथं, घरी लावून पाहून घेजा."

मग धनराज निनावे. गोळीबार चौक, जिन्याखालचं दुकान.
तो आता मोबाइलच्या काचा बदलतो,
पण झाकण उघडताच हसला,
गावाकडचं कोणी भेटल्यासारखा.
"पट्टा गेला. वीस उन्हाळे खाल्ले यानं नागपूरचे,
रबराचं डांबर झालं, पाहा."
डांबर काडीने खरवडलं.
कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन,
तान्ह्या पोराला काजळ घालावं इतक्या हळू
भिंग पुसलं.
"काऊन करून राहिल्या ताई हे सारं?
पेनड्राइव्हमध्ये टाकून देतो ना."
म्हटलं, तिघांकडे नेली. तिघांच्या कॉम्प्युटरांनी
तबकडी ओळखलीच नाही.
"नवीन मशीन नखरेल असते," तो म्हणाला. "हे जुनं
काहीही खाते."

वायरी तीन. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची.
नव्या टीव्हीला पिवळं भोकच नाही.
पिवळी हिरव्यात घालावी. चूक वाटते, तरी घालावी.
चित्र आलं, काळंपांढरं, वर वर सरकणारं.
मागे एक बारीक कळ असते, नखाने ढकलायची.
ढकलली,
आणि लग्नाला रंग आला.

मे दोन हजार चार. मानेवाडा रोडचं लॉन.
उमलणारे गुलाब, फिरणारा गणपती, वैजयंतीचं नाव.
या तबकडीचं एक आहे:
जो हलतो त्याचे चौकोन होतात.
नवरा-नवरी स्टेजवर बसून, म्हणून ठसठशीत.
अक्षता उडाल्या की सगळा मांडव
पडलेल्या फरशीसारखा फुटतो.
आणि बाबा
त्या दिवशी एका जागी उभेच राहिले नाहीत.
मठ्ठ्याचं पिंप, जनरेटरवाला, रुसलेले मामाजी.
करड्या सफारीतले दहा-बारा चौकोन
या कडेने येतात, त्या कडेने जातात.
"त्या पंगतीत पोळी नाही गेली," ऐकू येतं.
तोंड दिसत नाही.

रिमोट नाही, म्हणून मागे जाता येत नाही.
पुन्हा पाहायचं तर गुलाबांपासून.

सत्तराव्या मिनिटाला बाबा
लाल प्लास्टिकची खुर्ची ओढतात. बसतात.
एक बूट काढतात.
शूटिंगवाल्याला काय सुचलं कोण जाणे,
तो जवळ जवळ जातो,
चौकोन विरघळू लागतात,
कपाळ येतं, चष्म्याची दांडी येते
आणि निळा पडदा.

सीडी नंबर दोन आईने गच्चीवर टांगली होती,
कबुतरं येऊ नयेत म्हणून.
वैजयंतीने ते घर सोडल्यावर
त्या लग्नाचं काम कोणालाच उरलं नव्हतं.
दुसरी प्रत होती तिच्या सासरी. मागणार कोण?
मी दोरा तोडून ती उतरवली. कबुतरांना सवय झालेली.
चांदी उडून आरपार दिसतं तिच्यातून,
समोरच्यांची टाकी, वाळत घातलेली चादर.
तरी पुसून लावली. तिने घरघर केली बराच वेळ.
नो डिस्क.
काढली, फुंकली, पुन्हा लावली.
नो डिस्क.

रात्री वैजयंतीला गोंदियाला फोन केला.
इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं,
बाबा खुर्चीत बसले होते बघ, एक बूट काढून,
त्यानंतर काय झालं?
ती थांबली थोडी.
"त्यानंतर काय. बर्फवाला आला ना,
बूट हातात घेऊनच उठले."